गुळाच्या मुलखातले दुधाचे दात

कोल्हापूर शहरात आणि करवीर, कागल, पन्हाळा, हातकणंगले या तालुक्यांतल्या खेड्यांत मुलाला दात घासायला शिकवण्याची जागा ठरलेली असे: परड्यातली मोरी, नाहीतर चुलीपुढचा कोपरा. लागणारी वस्तू चुलीतच तयार होई. शेणी जळून उरलेली पांढुरकी राख वस्त्रगाळ करायची, तिच्यात बारीक मीठ मिसळायचे आणि डब्यात भरून ठेवायची. हीच राखुंडी. हौशी घरांत तिच्यात बदामाची टरफले जाळून केलेली पूड, तुरटी, लवंग आणि थोडा कापूर पडे. तीन-चार वर्षांचे मूल आजीशेजारी उकिडवे बसून तळहातावर चिमूटभर राखुंडी घेई आणि बोटाने पुढचे दात घाशी. मग चूळ, जीभ खरवडणे, तोंडावर पाणी, आणि त्यानंतरच चहा किंवा दूध. पारोशा तोंडाने काही खायचे नाही, हे घरातल्या सर्वांत लहान पोरालाही माहीत असे.

एवढा पक्का नियम मुलांच्या दुसऱ्या कुठल्याही सवयीच्या वाट्याला आला नाही. ज्या घरात साबण नव्हता, पायात चप्पल नव्हती, त्या घरातही सकाळी तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात लागत नसे. कोल्हापूरच्या मुलांना दात घासायची सवय नव्हती, असे कुणी म्हटले तर ते खरे नाही. सवय होती, ती फक्त सकाळची होती. रात्री जेवून मूल तसेच अंथरुणावर जाई. पुढच्या शंभर वर्षांत राख गेली, मंजन आले, ब्रश आला, पेस्ट आली, पण वेळ मात्र बदलली नाही, आणि मुलांचे दात किडण्याचे मोठे कारण तिथेच आहे.

जुन्या ग्रंथांत ही वेळ अशी एकच नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दात दिवसातून दोन वेळा घासावेत असे सांगितले आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, ही सूचनाही तिथेच आहे. सुश्रुताने काडीचे मापच दिले: लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, असा त्याचा निवाडा आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी मात्र दंतधावन हे सकाळच्या शौच-स्नानाच्या क्रमात बसवले. प्रतिपदा, पर्वकाळ, श्राद्ध, उपवास अशा दिवशी काडी वर्ज्य मानली आणि त्या दिवसांसाठी पाण्याच्या बारा चुळा सांगितल्या. घरोघरी रुजली ती ही दुसरी शिकवण. देवापुढे जाण्याआधी आणि अन्नाला शिवण्याआधी तोंड शुद्ध हवे, हा तिचा अर्थ. झोपण्याआधी तोंड शुद्ध हवे, असे तिच्यात कुठे येत नव्हते. वैद्यकाने सांगितलेली दुसरी वेळ अशी मधेच गळून पडली.

लहान मुलांच्या दातांचा वेगळा विचारही फार जुना आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ. त्यात दात येण्यावर ‘दन्तजन्मिक’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा, असे तो सांगतो. आजच्या मोजणीनुसार दुधाचे दात वीस, म्हणजे दोनदा उगवणाऱ्या जागा वीस आणि एकदाच उगवणाऱ्या दाढा बारा. आकडा चुकला असला तरी काही दात आयुष्यात एकदाच येतात हे त्या वैद्याने हेरले होते. या माहितीचा धागा पुढे लोकव्यवहारात राहिला असता तर पुष्कळ मुलांच्या दाढा वाचल्या असत्या.

काड्यांचा वापर कोल्हापूर भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास होता. रानात जाणारा माणूस वाटेवरच्या कडुनिंबाची किंवा बाभळीची कोवळी फांदी मोडून घेई आणि ती चावत चावत शेतावर पोचे. करंज, आघाडा, वडाच्या पारंब्या हेही चाले. बाभळीच्या सालीत तुरट द्रव्य भरपूर असते आणि काडी नीट चावली तर तिचे तंतू दातांच्या फटींत शिरतात. जिथे काडीची परंपरा आहे तिथे ती चालू ठेवायला हरकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० च्या दशकात म्हटले. पण काडी हे मोठ्या माणसाचे साधन. दुधाच्या दातांनी बाभळीची फांदी चावून तिचा कुंचला करणे तीन-चार वर्षांच्या पोराला जमत नाही, आणि निंबाच्या कडूपणाला ते तोंडही लावत नाही. म्हणून मुलांच्या वाट्याला राखुंडीच आली.

राखुंडीत गुण होते आणि दोषही होते. राख अल्कधर्मी असते, त्यामुळे तोंडातले आम्ल काही प्रमाणात मारले जाई. मिठाने सुजलेल्या हिरड्यांना आराम पडे. पण ज्या राखेने तवा आणि पातेली घासून लख्ख होतात, तीच राख रोज दातांवर घासली तर वरचा कठीण थर झिजतो. साठीच्या पुढच्या पुष्कळ माणसांच्या दातांवर हिरडीजवळ पडलेल्या खाचा हे अशा घासण्याचे फळ. मुलांच्या बाबतीत याहून मोठा दोष बोटाचा होता. तर्जनी पुढच्या पटाशीच्या दातांवरून सहज फिरते. मागच्या दाढांच्या खळग्यांत आणि दोन दातांच्या मधे ती पोचत नाही. नेमकी तिथेच कीड लागते.

दातांबद्दल घराघरांत आणखी एक मोठा समज होता: दुधाचा दात काय, पडणारच आहे. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा, किंवा उंदराच्या बिळात टाकून उंदरासारखे बारीक, मजबूत दात मागायचे. मुलाला हा सोहळा आवडे. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, म्हणून त्यावर उताराही होई. म्हणजे दात येण्याकडे आणि जाण्याकडे घरातल्या सगळ्यांचे लक्ष होते. दुर्लक्ष झाले ते मधल्या काळाकडे. दुधाची दाढ किडून वेळेआधी पडली की शेजारचे दात सरकतात, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, रक्त येत नाही, मूल रडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच समजली जाते आणि तिच्यावर उपचार करायचे राहून जाते. मुलाच्या तोंडातली सर्वांत महत्त्वाची दाढ ही अशी अज्ञानाने गेलेली आहे, आणि आजही जाते.

दाढ दुखायला लागली की बाजारात बसणाऱ्या कीड काढणाऱ्याकडे जायचे. भुईरिंगणीच्या बिया तापलेल्या लोखंडावर तुपात टाकून त्यांची धुरी नळीने तोंडात घ्यायला लावीत, आणि मग पाण्यावर तरंगणारे पांढरे बारीक कण दाखवून त्या अळ्या म्हणून सांगत. ते कण बियांचेच असत. दाताच्या आत अळी असते हा समज फक्त इथलाच नव्हता. युरोपातही तो हजारो वर्षे टिकला आणि पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात तो नाकारला. डब्ल्यू. डी. मिलर याने १८९० मध्ये तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर आंबवून आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो, हे मांडले. अळी बाहेरून येते असे मानले की दोष कुणाचाच नसतो. आम्ल तोंडातच तयार होते हे कळले, की जेवण आणि घासणे यांच्यातला संबंध दिसू लागतो.

राखुंडीच्या शेजारी आणखी एक डबी असे, आणि तिचा परिणाम राखेपेक्षा कितीतरी वाईट झाला. ती मिसरीची. निपाणी भागातला तंबाखू पूर्वीपासून नावाजलेला, आणि कोल्हापूर जिल्ह्यातही तो पिके. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरून पूड करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. हे काम मुख्यतः बायकांचे. जुन्या काळी हिरडा, मायफळ आणि हिराकस यांच्या काळ्या दातवणाने बायका दात रंगवीत; त्या चालीच्या जागी मिसरी आली असावी. दात स्वच्छ होतात, दाढदुखी थांबते, असे सांगून ती सुरू व्हायची. निकोटीनमुळे हिरडी बधिर होते, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटे. मग सकाळची मिसरी दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना लागू लागे. आई डबी घेऊन बसली की शेजारी बसलेली दहा-बारा वर्षांची मुलगीही बोट बुडवी. ज्या घरात रात्री दात घासायला कुणी उठत नव्हते, त्याच घरात रात्रीची मिसरी मात्र चुकत नसे. स्वच्छतेच्या नावाखाली मुलींना तंबाखूचे व्यसन लागत गेले आणि त्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. या प्रथेच्या इतिहासातला हा सर्वांत दुःखद भाग आहे. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडर यांत तंबाखू घालायला बंदी केली. ती सर्वोच्च न्यायालयातही १९९७ मध्ये टिकली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला मात्र हा कायदा लागत नाही.

कोल्हापूरच्या मुलांच्या दातांचा इतिहास गुळावाचून पुरा होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणून. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले गेले, उसाखालचे क्षेत्र वाढत गेले, १९३० च्या दशकात कसबा बावड्यात साखर कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली. एकेकाळी सणावाराला मिळणारे गोड रोजचे झाले.

गुऱ्हाळे दसरा-दिवाळीनंतर पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळतो, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते ती झाऱ्याने काढली जाते, गुळव्या पाकाची परीक्षा करून काहील उतरवायला सांगतो, आणि वाफ्यात ओतलेला गूळ घोटून साच्यात भरला की ३० किलोचा रवा तयार होतो. शाळा सुटल्यावर गावातली पोरे गुऱ्हाळावर जमतात. पेलाभर रस, उसाच्या कांडक्यावर गुंडाळून घेतलेला गरम गूळ, वाडग्यात काकवी. हा पाहुणचार कुणालाच नाकारला जात नाही, आणि नाकारला जाऊही नये; गुऱ्हाळाइतके आनंदाचे ठिकाण खेड्यातल्या मुलाला दुसरे नाही. दातांच्या दृष्टीने मात्र गरम गुळाचा चिकटपणा फार वाईट. तो दाढेच्या खळग्यात बसतो आणि तासन् तास तिथेच विरघळत राहतो. साखर वाईट आणि गूळ चांगला, हा फरक दातांना कळत नाही. गुळातही मुख्य भाग सुक्रोजचाच असतो.

स्वीडनमध्ये १९४५ पासून काही वर्षे विपेहोल्म येथील रुग्णालयात या प्रश्नाचा अभ्यास झाला. गोड जेवणाबरोबर खाल्ले तर दात तितके किडत नाहीत, पण चिकट गोड दोन जेवणांच्या मधे पुनःपुन्हा खाल्ले तर ते झपाट्याने किडतात, असे त्यात दिसले. हे प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता झाले आणि त्याबद्दल पुढे कडक टीका झाली, हेही इथे नोंदवायला हवे. गोड खाल्ल्यावर थोड्याच मिनिटांत तोंडातले आम्ल वाढते आणि लाळ ते हळूहळू निवळवते. झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून संध्याकाळी गुऱ्हाळावरून आलेले मूल जेवून तसेच झोपले तर रात्रभर आम्ल दातांवर राहते. सकाळची राखुंडी किंवा पेस्ट तोवर उशिराची झालेली असते.

घराबाहेरच्या कुणीतरी मुलाचे दात पाहण्याची सुरुवात शाळेने केली. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातल्या मुलांचा दिवस प्रथमच घंटेवर बसला. १९१७ मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. १९१८ मध्ये करवीरमधील चिखली येथे या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. गावातली सगळी मुले एका छपराखाली आली, तेव्हाच त्यांच्या स्वच्छतेकडे एकत्र पाहणे शक्य झाले. मराठी शाळांत प्रार्थनेनंतर रांगेत नखे, केस आणि दात तपासण्याची रीत पुढे कायम झाली. गुरुजींपुढे येताच मूल ओठ फाकवून पुढचे दात दाखवी. घाणेरडे दात असलेल्याला हौदावर पिटाळले जाई. या तपासणीने सकाळच्या सवयीला बळ दिले, यात शंका नाही. पण तीही सकाळची आणि पुढच्या दातांची. दाढा तिच्यातून सुटल्या.

मंजनांचा काळ याच सुमारास सुरू झाला. मुंबईच्या नोगी कंपनीचे माकडछाप काळे मंजन आणि नाशिकचे बिटकोचे काळे मंजन महाराष्ट्रभर घरोघरी गेले. काळा रंग लोकांना ओळखीचा होता. राखुंडीच जणू डबीतून मिळू लागली. कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी १९३७ मध्ये नोंदली गेली आणि पांढरी पावडर, पाठोपाठ ट्यूब, शहरांतून खेड्यांकडे सरकत गेली. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विको सुरू केली. त्यांच्या वज्रदंतीची जाहिरात चित्रपटगृहांतून मुलांच्या तोंडी बसली. मंजन गोड आणि सुगंधी झाले तेव्हा मुले ते आपण होऊन मागू लागली. आईला धाक घालावा लागला नाही, हा त्याचा खरा फायदा.

ब्रश मागाहून आला. जुन्या ब्रशाचे केस डुकराचे असत, आणि ते तोंडात घालणे अनेक घरांत शक्यच नव्हते. १९३८ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या नायलॉनचे ब्रश बाजारात आले आणि ही अडचण मिटली. तरीही खेड्यांत कितीतरी वर्षे ब्रश ही नोकरदाराची वस्तू राहिली. एकच ब्रश घरातली दोन-तीन भावंडे वापरत, आणि तो केस वाकडे होईपर्यंत चाले. दाढेच्या खळग्यापर्यंत पोचणारे साधन मात्र पहिल्यांदा मुलाच्या हातात आले ते हेच. फ्लोराइडयुक्त पेस्टने त्यात मोलाची भर घातली, कारण फ्लोराइडमुळे विरघळू लागलेला दाताचा थर पुन्हा कठीण होतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लड दाखवली जाते, ती लहान मुलासाठी नव्हे.

साधने सगळी आली, तरी भारतीय दंत परिषदेने २००२–०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांचे दात किडलेले आढळले, आणि बारा वर्षांच्या मुलांतही प्रमाण निम्म्यापेक्षा थोडे जास्तच होते. पेस्टने कीड थांबली नाही, कारण पेस्ट सकाळी वापरली जात होती आणि ब्रश पोराच्याच हातात होता. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला दाढा नीट घासण्याचे कसब येत नाही. तोवर मोठ्याने त्याच्या हातातून ब्रश घेऊन शेवटचा हात फिरवावा लागतो. राखुंडीच्या काळात आजी शेजारी बसत होती, ती मोठी गोष्ट होती. ब्रश आला तेव्हा मूल बेसिनपाशी एकटे उभे राहिले.

उपचारांची सोय मात्र कोल्हापुरात पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. एकोणिसाव्या शतकात अल्बर्ट एडवर्ड यांच्या नावाने उभारलेले रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे सीपीआर, म्हणून गरिबांचा आधार आहे. हातकणंगले तालुक्यात नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे आणि त्याला तात्यासाहेब कोरे यांचे नाव आहे. वारणेचा सहकारी साखर कारखाना ज्यांनी उभा केला, तेच हे तात्यासाहेब. ऊस, साखर आणि दातांचा दवाखाना अशी तिन्ही कामे एकाच खोऱ्यात आली, हे योग्यच झाले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, आणि कीड दिसली की पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी देते. दुधाचा दात म्हणून ती चिठ्ठी दप्तरात पडून राहू नये. पालकांनी तपासणीच्या दिवशी शाळेत विचारावे, मुलाच्या सहाव्या वर्षाच्या दाढेला कीड आहे का हे नेमके पाहून घ्यावे, चिठ्ठी मिळाली तर सीपीआरला किंवा दंत महाविद्यालयात त्याच आठवड्यात जावे, आणि त्या रात्रीपासून मूल झोपण्याआधी ब्रश आपल्या हातात घ्यावा.